सारख्या तहानेची झाडं

वन्सं, आधी झाडांचं सांगते. कोण आलं, कोण रडलं, जेवणाला काय केलं, हे सगळं बाजूला सारून तुम्ही आधी तेच विचारलं असतं. पण हे एवढं लिहून मघापासून बसले आहे आणि हात पुढे जात नाही. झाडं गेली, वन्सं. सगळी नाही, पण तुमची गेली. तुमच्या पाठोपाठ, तुमचं सुतक फिटायच्या आत गेली. आणि मी त्याच घरात, त्याच गच्चीच्या खाली, एका जिन्याच्या अंतरावर चटईवर बसून होते.

लोकांना वाटतं, नणंद गेली म्हणून मी खचले. खचले आहेच. पण तुमच्या भावालाही ठाऊक नाही की मी निम्मी कशासाठी रडते. ते पाठीवर हात ठेवतात, 'तिने कुणाला त्रास दिला नाही, चालती-बोलती गेली' म्हणतात, आणि मला वाटतं की हात काढावा यांनी, मला नको हा हात.

आपल्या वर्गापासून सुरुवात करते, म्हणजे जरा धीर येईल. मी शाळेतून निवृत्त झाले आणि दिवसभर तुमच्या भावाच्या पायात पाय घालायला लागले, तेव्हा तुमचा पोलादपूरहून फोन आला. "सुलू, तुमच्या महाडात रविवारी शोभेच्या झाडांचा वर्ग निघालाय. मी एवढ्या लांबून यष्टीने यायचं आणि तू तिथल्या तिथं लोळत पडायचं, ह्ये नाय चालायचं." बाकी वर्ग रोपवाटिका काढायला निघालेल्या तरुण मंडळींचा. पहिल्या बाकावर आपण दोघी, तुम्ही तहसीलमधून कारकून म्हणून निवृत्त आणि मी मास्तरीण. कृषी खात्यातून निवृत्त झालेले सर पहिल्याच दिवशी म्हणाले, मोठ्या कुंडीत झाडं एकत्र लावताना एक उंच घ्यावं, एक भरीव आणि एक लोंबतं. तुम्ही हात वर न करताच म्हणालात, "म्हंजे आमचं घरच की सर. भाऊ उंच, ही भरीव, आणि मी अशी लोंबकळती." वर्ग हसून लोळला. मला मात्र ते 'भरीव' आठवडाभर पुरलं.

काय काय शिकलो आपण! लाल मातीत शेणखत किती, भाताचा तूस किती, नुसतं कोकोपीट का भरू नये. क्रोटनला ऊन दिलं की रंग का चढतो आणि फर्नला तेच ऊन का सोसत नाही. मी पोरांना तीस वर्षं 'वनस्पती सजीव असतात' असं शिकवलं, पण पानाकडे बघून त्याला काय हवंय ते ओळखायचं असतं, हे त्या बाकावर बसून कळलं. तुम्हाला ते आधीपासून कळत होतं असं मी म्हणणार नाही, कारण तुम्हीच म्हणायचात, "मला काय कळत होतं गो, निम्मी झाडं मी पाणी घालून घालून मारली हायत."

भांडण सुरू झालं ते शेवटच्या परीक्षेत. प्रत्येकाने एक कुंडी सजवायची होती. मी मधोमध पिवळा-तांबडा क्रोटन लावला, बाजूला गडद लाल कोलियस, काठावर जांभळा ऱ्हिओ आणि ऑफिस टाइमची, ती सकाळी दहाला उमलणारी, गुलाबी फुलं. अशी दिसत होती ती कुंडी, की सरांनी टाळ्या वाजवायला लावल्या. तुमच्या कुंडीत नुसतं हिरवं, फर्न, पीस लिली आणि एक पांढरट पानांचं कॅलेडियम. माझा नंबर पहिला आला आणि तुम्ही भर वर्गात सरांना म्हणालात, "आज दिलात नंबर, ठीक हाय. दोन महिन्यांनी येऊन बघा. ह्या कोलियसला रोज पाणी, त्या ऱ्हिओला आठवड्यातून दोनदा. एकाच्या ताटात जेवण वाढलं की दुसऱ्याला अजीर्ण."

तेव्हापासून तुम्ही तहानेच्या बाजूच्या आणि मी रंगाच्या. "रंग आपल्याला दिसतो, तहान झाडाला लागते," हे तुमचं. मी म्हणायचे, तुम्ही झाडं लावत नाही, सोयरिकी जुळवता. त्यावर तुम्ही 'तेरड्याचा रंग तीन दिवस' एवढंच म्हणून पाइप उचलायचात. महाडला आमच्या घरावर पत्रे, आणि खाली अंगणात कुंडी ठेवणं म्हणजे पावसाळ्यात सावित्री नदीच्या पुराला आहेर करणं. म्हणून माझे उद्योगही तुमच्याच गच्चीवर चालायचे. टाकीकडची बाजू माझी, हिरव्या जाळीखालची तुमची. मी शनिवारी यायचे, लावायचे, जायचे. रोज पाणी तुम्हीच घालायचात, माझ्याही कुंड्यांना. आणि सकाळी फोन करून मी घरी नेलेल्या एखाद्या कलमाची चौकशी, "लागलं का गो?" तुमच्या भावाने पहिल्यांदा ते ऐकलं आणि घाबरून विचारलं, "कुठे लागलं? पडलीस की काय?"

आंबेनळीचा दिवस आठवतो ना? घाटात रस्त्याचं काम चाललं होतं. दरड तासून काढली होती आणि मातीच्या ढिगावर झऱ्याकाठची फर्न मुळासकट उलटी पडली होती. तुम्ही गाडी थांबवायला लावलीत. महाबळेश्वरच्या बाजारासाठी आणलेल्या माझ्या चांगल्या पिशवीत तुम्ही ती चिखलासकट भरलीत. मी कुरकुर केली, तर म्हणालात, "पिशवी धुवून मिळंल, ही धुवून नाय मिळायची." पुढे महाबळेश्वर राहिलंच, तिथूनच परत फिरलो. घरी आल्या आल्या तुम्ही ती जाळीखाली लावलीत आणि सकाळ-संध्याकाळ तिच्यावर पाणी शिंपडून शिंपडून घाटातला ओलावा गच्चीवर आणलात. माझ्या रंगीत कुंड्या सोडून जो तो तीच बघायचा. मला राग यायचा, खोटं कशाला सांगू.

आता काकूंचं. लग्न होऊन मी या घरात आले तेव्हा विटाळशीने झाडाला हात लावला की झाड करपतं, असं सगळे मानायचे. थोरल्या काकू हिरकणीवाडीहून मुक्कामाला आल्या होत्या. तुमच्या आई गेल्यावर त्यांनीच तुम्हा भावंडांना वाढवलेलं, त्यांच्यापुढे बोलायची कुणाची टाप नव्हती. मी बाजूला बसले होते. अंगणातला मोगरा माना टाकून होता. तुम्ही आत जाऊन झारी भरलीत, आणलीत आणि काकूंच्या समोर माझ्या हातात दिलीत. "घाल गो. मोगऱ्याला काय ठाव कोण बसलंय ते." काकू दोन दिवस तुमच्याशी बोलल्या नाहीत. मोगरा पुढच्याच आठवड्यात फुलला, आणि त्यातली वेणी तुम्ही काकूंनाच नेऊन दिलीत. मी नवी होते, घाबरलेली होते, आणि या घरात माझं कुणीतरी आहे हे मला त्या झारीमुळे कळलं. ते तुम्हाला मी कधी बोलले नाही. बोलायचं राहून गेलं त्यातलं हे एक.

म्हणून पुढचं लिहायला लाज वाटते.

तुम्ही अविवाहित, म्हणून तुमचं सगळं सुतक आम्हालाच. दिवस पोलादपुरातच करायचे ठरले, आणि आम्ही तुमच्या घरी राहिलो. काकू आल्या, नातवाच्या हाताला धरून, निम्म्या वाकलेल्या. दारातच खाली बसल्या आणि "माझ्या आधी कशी गो गेलीस" म्हणून त्यांनी जो टाहो फोडला, तो ऐकून शेजारची माणसं आत आली. संध्याकाळी जराशा सावरल्यावर त्यांनी मला हाक मारली. "सुलू, आता सुतक फिटेस्तोवर झाडाला हात लावायचा नाय हां. झाड बसतं, सुकून जातं."

मी "बरं काकू" म्हणाले.

बस, एवढंच. कुणी दरडावलं नाही, डोळे वटारले नाहीत. तीस वर्षं मास्तरकी केलेली, तुमच्या शेजारी बसून झाडांचा वर्ग पहिल्या नंबराने पुरा केलेली मी, 'बरं काकू' म्हणाले. वर चैत्राचं ऊन तापत होतं. टाकी भरलेली होती. पाइप तुम्ही गुंडाळून ठेवला होता तसाच नळाला लावलेला होता.

मध्ये एकदा मी वर गेले. कारण तुमचे कपडे दोरीवरच होते, टॉवेल आणि दोन गाऊन, उन्हाने कडक झालेले. पीस लिली कुंडीच्या काठावरून खाली लोळली होती. कोलियसची पानं फडक्यासारखी लोंबत होती. फर्न अजून हिरवी होती, टोकं तेवढी तांबूस झालेली. त्या क्षणी पाणी मिळालं असतं तर सगळी उठली असती, हे मला पुरतं माहीत होतं. हे सरांनी शिकवलेलं आहे, तुम्ही दाखवलेलं आहे, माझ्या डोळ्यांनी मी दहादा बघितलेलं आहे. मी नळावर हात ठेवला. खालून काकूंचा आवाज आला, "वर कोन हाय गो?"

"मी आहे काकू. कपडे काढतेय."

आणि मी कपडे घेऊन खाली आले.

मी स्वतःला पुष्कळ समजावून पाहिलं. वाटलं, त्या झाडांना पाणी घालणं तुमचं काम होतं, ते मी केलं असतं तर तुम्ही नाहीत हे मान्य केल्यासारखं झालं असतं, म्हणून हात उचलला नाही. लिहायला बरं दिसतं हे. पण ते खरं नाही. खरं एवढंच की घर माणसांनी भरलेलं होतं आणि मला त्यांच्यात वाईट व्हायचं नव्हतं. 'नणंदेचं सुतकसुद्धा पाळवलं नाही हिला' हे वाक्य मला ऐकायचं नव्हतं. तुम्ही माझ्यासाठी सगळ्यांसमोर झारी भरून आणलीत, आणि मला तुमच्यासाठी कुणी बघत नसतानाही नळ सोडवला नाही.

सुतक फिटलं त्या दिवशी डोक्यावरून अंघोळ करून मी काकूंपाशी गेले आणि म्हटलं, "काकू, आता झाडांना पाणी घालू ना?" काकूंनी विचारलं,

"कुठल्या झाडांना?"

"वरच्या. गच्चीवरच्या."

"अगो, त्यांना इतके दिस पानी नाय घातलंस? मी झाडाला म्हनले होते. झाडाला!" आणि त्यांनी अंगणातल्या तुळशीकडे बोट केलं.

वन्सं, तुम्ही काय म्हणाल ते मला ऐकू येतंय. काकूंच्या तोंडी 'झाड' म्हणजे तुळस, दुसरं काही नाही. 'झाडाजवळ दिवा लाव', 'झाडाला पानी घातलंस का'. नवी नवी असताना 'झाडाजवळ दिवा' म्हणाल्या म्हणून मी आंब्याखाली दिवा ठेवून आले होते आणि तुम्ही हसून हसून बेजार झाला होतात. मला ठाऊक नव्हतं असं कोण म्हणेल? त्या दिवसांत शेजारच्या वहिनी रोज येऊन तुळशीला तांब्याभर पाणी घालून जात होत्या, तेही मी बघत होते. एक शब्द विचारला असता, 'काकू, कुठलं झाड?', तर सगळं वाचलं असतं. मी विचारलं नाही. न विचारणं मला सोयीचं होतं.

काकूंनी कपाळाला हात लावला आणि त्या रडायला लागल्या. "पोरीनं लेकरावानी वाढिवली होती गो," म्हणाल्या. मला बोलल्या नाहीत काही. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

मी वर गेले. तुमच्या जाळीखाली काही उरलं नव्हतं, वन्सं. पीस लिली, कोलियस, सिंगोनियम, सगळ्याचा पाचोळा. आंबेनळीची फर्न हात लावला की कुस्करत होती. कॅलेडियमचे कंद मातीत जिवंत असतीलही, पण त्या आशेला धरून बसायचा मला हक्क नाही. कठड्याकडचं तुमचं अडेनियम, खोडात पाणी साठवणारं, ठणठणीत आहे, ते सांगायला हवं, ते एकटंच तुमच्याकडचं.

आणि टाकीकडच्या माझ्या कुंड्या? माझ्या प्रत्येक कुंडीत काही ना काही जगलेलं होतं. कोलियस मेला, तर ऱ्हिओ उभा. पानं गाळून का होईना, क्रोटन जिवंत. ऑफिस टाइम तर फुललेलं होतं, त्या तसल्या उन्हात, गुलाबी. एवढी वर्षं आपण ज्यावरून भांडलो त्याचा निकाल माझ्यासमोर मांडून ठेवलेला होता. सारख्या तहानेची झाडं एकत्र लावली तर जाताना सगळी एकदम जातात, आणि माझ्यासारखी मिसळ केली तर निम्मी तरी राहतात. मी जिंकले, वन्सं. तुमच्या गच्चीवर उभी राहून मी जिंकले, आणि मला कुठे तोंड लपवू असं झालं.

तिथे उभी असताना मला तुमचं एक बोलणं आठवलं. गेल्या दिवाळीत मी तुम्हाला हेच म्हटलं होतं. म्हटलं होतं, "एखाद दिवस तुम्हाला जमलं नाही तर तुमची अख्खी कुंडी जाईल, वन्सं. माझी नाही जाणार." तुम्ही माती चाळत होतात. वर न बघता म्हणालात, "जाईल कशाला? मला नाय जमलं तर तू हायस ना." मी हसले होते. मला वाटलं, तुमच्याकडे उत्तर नाही म्हणून तुम्ही असं काहीतरी बोललात. आता कळतं की तेच उत्तर होतं. तुमच्या सगळ्या कुंड्या या एका भरवशावर लावलेल्या होत्या की रोज कुणीतरी येईल. माझी पद्धत ज्याला यायचं नसतं त्याच्यासाठी आहे. मी तिला इतकी वर्षं रंगाची पद्धत म्हणत होते.

मला तुमच्याकडून माफी नको आहे. तुम्ही चटकन देऊन टाकाल, 'जाऊ दे गो, जून लागला की दुसरी लावू' म्हणाल, आणि मला ते सोसणार नाही. मला तुम्ही रागवायला हव्या आहात. एकदा तरी सरळ तोंडावर म्हणायला हवं होतंत की सुलू, तुला माझ्यापेक्षा चार माणसं जड झाली.

मी नळ सोडला. जे मेलंय त्याला पाणी घालून काय होणार हे मला कळत होतं, पण हात थांबत नव्हता. इतक्या कोरड्या पडलेल्या मातीत पाणी मुरतही नाही, कडेकडेने उतरून खालच्या भोकातून जसंच्या तसं बाहेर येतं. गच्चीभर पाणी झालं. तेवढ्यात भेटायला आलेल्या बायका जिना चढून वर आल्या, तुमच्या ऑफिसातल्या दोघी आणि शेजारच्या वहिनी. त्यांनी मला बघितलं, ओल्या केसांनी, हातात पाइप, डोळ्यांतून धारा. त्यांना काय वाटणार, उन्हाळ्यात झाडं सुकतातच.

वहिनींनी पदर डोळ्याला लावला. "बघा गो," त्या दोघींना म्हणाल्या, "सुतक फिटलं नाय तर पयली हितं आली. नणंदेच्या झाडांना असा जीव लावणारी भावजय मिळायला नशीब लागतं."

मी पाइप पुढच्या कुंडीत धरला. नाही म्हटलं नाही, वन्सं. उलट, ऐकून बरं वाटलं.